तिसऱ्या बेसची रेघ

साबणाच्या कारखान्यामागे जे मैदान आहे, त्याच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली आहे. तिच्यात रोलर, दाताळं, माती ठोकायचा धुमस, रेघा आखायच्या फक्कीची पोती, पाण्याचा लांबलचक पाइप आणि मोडक्या पाठीची एक खुर्ची असा संसार मांडलेला असतो. खुर्ची दादासाठी ठेवलेली आहे, पण दादा तिच्यात कधी सापडेल तर शपथ. तो मैदानावर कुठेतरी उकिडवा बसलेला असतो, गाल जवळजवळ मातीला टेकवून, एक डोळा मिटून. नवख्याला वाटतं, बिचाऱ्याचं काहीतरी हरवलंय. जुने लोक सांगतात की हरवलं काही नाही, दादा माती बघतोय.

मैदान राखणं हे त्याचं काम. कारखान्यात सगळेच त्याला दादा म्हणतात, त्याच्यापेक्षा वयानं मोठे असलेलेसुद्धा. याला कारण एवढंच, की त्याचा धाकटा भाऊ कारखान्याच्या बेसबॉल संघात खेळतो आणि तो त्याला दादा अशी हाक मारतो. एकानं मारली म्हणून सगळ्यांनी मारली. धाकट्याचंही तेच झालं. साबणाच्या वड्या खोक्यांत भरणारा हा काटकुळा माणूस पगारपत्रकावर कुठल्या का नावानं असेना, मैदानावर त्याला टिचकी म्हणतात.

ते नाव का पडलं, ते सांगायला हवं. बेसबॉलमध्ये ज्याला त्याला चेंडू लांब फटकवायचा असतो. बॅट गरकन फिरवायची, चेंडू कुंपणापलीकडे धाडायचा आणि लोकांनी बाकांवर चढून नाचायचं. बंट हा प्रकार याच्या उलट. त्यात बॅट फिरवायचीच नाही. ती आडवी धरायची आणि सुसाट आलेल्या चेंडूला नुसतं तिच्यावर येऊन आपटू द्यायचं. त्याच्यातला जोर असा काढून घ्यायचा, की तो चार पावलं लोळून गपगार पडला पाहिजे. तो उचलायला कुणी धावत येईपर्यंत आपला तिसऱ्या बेसवरचा गडी घरी, म्हणजे मारणाऱ्याच्या जागेपर्यंत, पोचतो आणि एक धाव होते. मारणारा स्वतः बहुतेक वेळा बाद होतो. टाळ्या धावणाऱ्याला मिळतात आणि टिचकी मारणारा कपडे झाडत येऊन बाकाच्या टोकाला बसतो.

सामना एकतर्फी असला की बंटला कुत्रं विचारत नाही. पण शेवटचा डाव आला, दोन्हीकडच्या धावा सारख्या झाल्या आणि एका धावेसाठी जीव टांगणीला लागला, की फटके मारणारे भलेभले नखं चावत बसतात आणि सगळ्यांच्या माना धाकट्याकडे वळतात. अशा वेळी तो उठायचा, बॅटची मूठ शर्टाला पुसायचा आणि जायचा. संघाचे कितीतरी अटीतटीचे सामने त्यानं असे काढून दिले होते.

त्यात एक मेख असते. मारणाऱ्याच्या पायाशी असलेल्या होम प्लेटपासून एक पांढरी रेघ तिसऱ्या बेसकडे जाते आणि एक पहिल्या बेसकडे. बंटचा चेंडू या दोन रेघांच्या आत राहिला तर तो खरा, बाहेर घरंगळला तर फाउल. आणि तीन संधींपैकी दोन आधीच वाया गेल्या असतील, म्हणजे मारणाऱ्याचे दोन स्ट्राइक झालेले असतील, तर फाउल गेलेल्या बंटवर तो सरळ बाद होतो. म्हणून दोन स्ट्राइक झाल्यावर शहाणी माणसं बंटच्या वाटेला जात नाहीत. धाकटा जायचा. तो चेंडू तिसऱ्या बेसच्या रेघेला अगदी खेटून सोडायचा. समोरचे गडी कमरेवर हात ठेवून बघत राहायचे, आत्ता जाईल बाहेर, आत्ता जाईल. चेंडू रेघेपर्यंत यायचा, जरासा अडखळायचा आणि आत वळून बसायचा. लोक म्हणायचे, याच्या हातात जादू आहे.

जादू होती, पण ती हातात नव्हती, असं दादाला वाटायचं. ती मातीत होती आणि ती त्यानं स्वतः घातली होती.

धाकटा संघात आला तेव्हा त्याची बॅट चेंडूला कमी आणि वाऱ्याला जास्त लागायची. संघाला शिकवणारा माणूस म्हणजे कारखान्याचा बॉयलर सांभाळणारा. त्याला सगळे बॉयलरमामा म्हणत आणि तो तापायचाही तसाच. त्यानं धाकट्याला सुनावलं होतं, की बंट तरी शिक, नाहीतर बाटल्यांत पाणी भरायला बस. धाकटा शिकला. पत्र्याच्या खोलीमागे दादानं त्याला चेंडू टाकून टाकून खांदा दुखवून घेतला. पण पहिल्याच मोठ्या प्रसंगी त्याचा बंट केसभर बाहेर गेला, सामना हातचा गेला आणि बॉयलरमामानं त्याला काढायचं मनावर घेतलं. संघात असणं म्हणजे कारखान्यात असणं, संघ सुटला की नोकरीही सुटायची. दादाला त्या आठवड्यात जेवण गोड लागेना.

पुढच्या सामन्याआधी त्यानं तिसऱ्या बेसच्या रेघेचं काम काढलं. रेघेच्या बाहेरच्या अंगाला थोडी माती चढवली, ओली केली, धुमसानं ठोकली, वर कोरडी माती भुरभुरली आणि मग फक्की मारली. चढ बोटभरसुद्धा नव्हता. उभ्या माणसाला तो दिसणं शक्यच नव्हतं. पाणसळ ठेवली असती तरच तिच्यातला बुडबुडा हलला असता, आणि मैदानावर पाणसळ घेऊन कोण येतो? चेंडूला मात्र तेवढा पुरला. त्या दिवशी धाकट्याचा बंट रेघेपर्यंत आला आणि आत वळून बसला. बॉयलरमामानं त्याला मिठी मारली. दादा लांब कुंपणापाशी उभा होता. त्यानं तोंड फिरवून पाइप गुंडाळायला घेतला, कारण त्याला रडू येत होतं.

तेव्हापासून प्रत्येक सामन्याआधी तो चढ नव्यानं करावा लागायचा आणि दादा तो इमानेइतबारे करायचा. पाहुण्या संघालाही तीच रेघ मिळते, मग यात चोरी कसली, अशी तो मनाची समजूत घालायचा. समजूत पटायची नाही, पण वर्षं जात राहिली. बाहेरगावचे सामने त्यानं कधी पाहिले नाहीत, कारण संघ बाहेर गेला की मैदानाला भरपूर पाणी द्यायचा मोका मिळायचा. परतलेले लोक एवढंच सांगायचे, की टिचकीची ती रेघेवरची करामत बाहेर दिसत नाही, ती घरच्या मैदानावरच बघावी. हे ऐकलं की दादा पाइप उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जायचा. त्याला पुढचं विचारायचा धीर व्हायचा नाही.

घरी आई अंथरुणाला खिळली होती. अर्धं अंग गेलेलं, पण जीभ शाबूत. दादाची बायको इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. तिनंच तिथली एक युक्ती घरी आणली होती. आईच्या अंगाखाली एक घडी घातलेली चादर कायम ठेवायची आणि दोघांनी दोन बाजूंना धरून उचललं की आई झोळीतून अलगद खुर्चीत येते. बायकोची पाळी पहाटेची, म्हणून ती चादर रोज सकाळी दोघे भाऊ धरायचे. उचलताना आई म्हणायची, "हळू, मी काय रोलर आहे का?" आणि दादाची दुखरी कंबर सांभाळत दोघे हसायचे. एकट्यानं ते होण्यासारखं नव्हतं. दादानं एकदा करून पाहिलं होतं आणि मग दोघंही, तो आणि आई, जमिनीवर बसून धाकट्याची वाट पाहत राहिले होते.

अशात बातमी आली. बंदराच्या शहरातला मोठा संघ एक नवा गडी शोधत होता. तिथले खेळाडू खेळण्याचाच पगार घेतात, दुपारी साबण भरत नाहीत. त्यांचा माणूस हंगामाचा शेवटचा सामना बघायला येणार होता आणि बॉयलरमामाच्या सांगण्यावरून खास धाकट्याला बघायला येणार होता. त्यांच्याकडे फटके मारणारे ढिगानं होते. एका धावेनं सामने हातचे जात होते ते वाचवणारा त्यांना हवा होता.

"दोन स्ट्राइकवर बंट मारणारा माणूस त्यांनी ऐकलाच नव्हता," बॉयलरमामा दादाला सांगत होता. "म्हणाले, असा वेडा असेल तर डोळ्यांनी बघू. दादा, रेघ अशी झक्क मार, की चेंडूनं बाहेर जायला लाजलं पाहिजे."

बॉयलरमामा गमतीनं बोलला होता. दादाला त्या रात्री झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरीचं एक टोक धाकट्याच्या हातात आणि दुसरं दादाच्या. आई खुर्चीत बसली तेव्हा धाकटा म्हणाला, "दादा, जमलंच तिकडचं, तर आईचं कसं करायचं ते बसून ठरवू. बाई ठेवू एखादी. मी पाठवीन काय ते."

"आधी जमू तर दे," दादा म्हणाला.

"जमेल रे. सामना आपल्या मैदानावर आहे."

हे वाक्य दादाला काट्यासारखं रुतलं. तो दिवसभर मैदानावर फिरत राहिला. त्याच्या डोळ्यांपुढे ते बंदराचं शहर येत होतं, तिथलं फरशीसारखं सपाट मैदान, धाकट्याचा बंट रेघेपर्यंत येतोय आणि सरळ बाहेर जातोय. एकदा, दोनदा, हंगामभर. मग तिथले लोक त्याला घरी पाठवतील. इथली जागा तोवर दुसऱ्यानं घेतलेली असेल. चाळिशीकडे झुकलेला माणूस, ना तिकडचा ना इकडचा. आणि हे सगळं कुणामुळे? ज्यानं लाडानं मातीत खोट मिसळली त्याच्यामुळे.

सरळ जाऊन त्याला सांगणं हा एक मार्ग होता. दादा दोनदा पॅकिंगच्या दारापर्यंत गेला. आत पंखे घरघरत होते, साबणाच्या वासानं डोकं जड होत होतं, आणि धाकटा कुणाच्या तरी विनोदावर हसत वड्यांचे थर लावत होता. तुझ्या नावाचा एवढा गाजावाजा झाला तो माझ्या धुमसामुळे, हे सख्ख्या भावाला कोणत्या तोंडानं सांगायचं? दादा दोन्ही वेळा परत फिरला.

सामन्याच्या आदल्या दुपारी सगळे कामावर असताना त्यानं दाताळं घेतलं आणि तिसऱ्या बेसच्या रेघेचा चढ खरवडून काढला. माती पसरली, पाणी शिंपडलं, रोलर फिरवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या जागी पाणसळ ठेवली आणि बुडबुडा बरोबर मध्ये आला. हातात खरंच काही असेल, तर ते सपाट जमिनीवरही दिसेल. नसेल, तर आत्ताच कळलेलं बरं, घर जवळ असताना. दादाला वाटलं, आपण पहिल्यांदाच भावाशी सरळ वागलो.

संध्याकाळी त्यानं बायकोला सगळं सांगितलं, पहिल्या चढापासून. ती मोजे रफू करत होती. तिनं सुई थांबवली नाही.

"भावजींना सांगितलंत?"

"नाही. त्याला उगाच धसका बसेल. मोकळ्या मनानं खेळू दे."

"मग त्यांच्यासाठी केलंत, असं म्हणू नका."

"म्हणजे?"

"म्हणजे मलाही रोज पहाटे भीती वाटते, ते गेले तर चादरीचं दुसरं टोक कोण धरणार. मला वाटते तर तुम्हाला वाटत नसेल का? वाटू दे, त्यात पाप नाही. पण ते मातीत कालवू नका."

दादा उठून बाहेर जाऊन उभा राहिला. त्याला तिचा राग आला, कारण ती बोलली ते त्याच्या मनाच्या तळाशी कुठेतरी होतं आणि त्याला तिथं बघायचं नव्हतं. सकाळी तो उजाडताच मैदानावर गेला. चढ पुन्हा घालायला वेळ होता. मातीचं घमेलं भरलेलं होतं, धुमस भिंतीला टेकवलेला होता. तो रेघेपाशी बराच वेळ उकिडवा बसला. मग उठला आणि त्या सपाट जमिनीवर फक्की मारून मोकळा झाला. त्या दिवशी चादर उचलताना भाऊ समोर होता, हातभर अंतरावर, आणि तरीही त्यानं तोंडातून शब्द काढला नाही.

सामना तसाच झाला जसा सगळ्यांना हवा होता आणि दादाला नको होता. एकदा हे पुढे, एकदा ते. बंदराहून आलेला माणूस बाकांच्या वरच्या रांगेत टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. शेवटच्या डावात धावा सारख्या होत्या, घरच्या संघाची फलंदाजी होती, एक गडी बाद झाला होता आणि एक तिसऱ्या बेसवर उभा होता. पाळी धाकट्याची. असा योग मागून येत नाही. बाकांवरचे लोक उठून उभे राहिले.

पहिल्या चेंडूला त्यानं बॅट खांद्यावरच ठेवली. अंपायरनं स्ट्राइक दिला. दुसऱ्याला तो जोरात फिरला आणि हुकला. दादा कुंपणाची जाळी धरून उभा होता. त्याला वाटलं, आता नको, आता तरी साधा फटका मार. बॉयलरमामानं खूण केली ती दादाला दिसली. तो बंट नको म्हणत होता. धाकट्यानं नकारार्थी मान हलवली, हसला आणि तिसऱ्या बेसच्या रेघेकडे एक नजर टाकली. घरच्या माणसाकडे टाकावी तशी ती नजर होती. मग त्यानं बॉयलरमामाकडे बघून बॅटची मूठ शर्टाला पुसली.

चेंडू टाकणाऱ्या पिचरचा हात फिरला, तिसऱ्या बेसवरचा गडी जिवाच्या आकांतानं धावत सुटला आणि धाकट्यानं बॅट आडवी केली. इतका सुरेख बंट दादानं कधी पाहिला नव्हता. आवाज असा आला, की कुणी टेबलावर बोट आपटलं असावं. चेंडू रेघेला खेटून लोळत निघाला. समोरचा गडी त्याच्यावर ओणवा झाला, पण हात लावेना. धावणारा घरी पोचला होता, लोक ओरडायला लागले होते. चेंडू फक्कीवर आला, हळू झाला आणि वळला नाही. तो सरळ पुढे गेला, फक्कीच्या पलीकडे उतरला आणि समोरच्या गड्यानं तो झडप घालून उचलला. अंपायरनं दोन्ही हात वर केले. फाउल. धाव रद्द, धाकटा बाद.

पुढच्या गड्याचा उंच उडालेला चेंडू झेलला गेला, सामना लांबला आणि जादा डावात हातचा गेला. बंदराचा माणूस त्याआधीच उठला होता. जाताना त्यानं बॉयलरमामाचा हात हातात घेतला आणि काहीतरी बोलून मान हलवली. बॉयलरमामानं दादाला ते नंतर सांगितलं. तो पाहुणा म्हणाला होता, हात छान आहेत, पण हा माणूस डोळे मिटून जुगार खेळतो, आणि आम्हाला भरवशाचा गडी हवा आहे.

मैदान रिकामं झाल्यावर धाकटा रेघेपाशी गेला. तो खाली बसला, तळहात मातीवर ठेवला आणि रेघेच्या बाहेरून आत असा हळूच फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला. दादा खोलीच्या दारात उभा होता. आपल्याकडे आता काहीच झाकायला उरलं नाही, हे त्याला समजलं. धाकटा आला आणि मोडक्या खुर्चीत बसला.

"चढ काढलास," तो म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून. तिथं उभं राहिलं की पायाला लागतो ना तो. बोललो नाही कधी. तू सांगितलं नाहीस म्हणून मीही नाही बोललो. म्हटलं, असू दे आपल्या दोघांतलं."

"मला वाटलं..." दादा थांबला. मग त्यानं सगळं एका दमात बोलून टाकलं. सपाट मैदान, बंदराचं शहर, नाचक्की होऊन परत येणं. "मला वाटलं, चढ नसला की तुला जमत नाही. बाहेर तुझे बंट दिसत नाहीत म्हणतात सगळे."

"रेघेवरचे दिसत नाहीत. बाहेर मी रेघेवर मारतच नाही. पिचरच्या डाव्या हाताला, पहिल्या बेसकडे ढकलतो. कंटाळवाणं दिसतं, पण धाव येते. या हंगामात बाहेरचे तीन सामने तसेच काढले. तू विचारलंस कधी?"

दादानं विचारलं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्यानं एकदाही विचारलं नव्हतं.

"प्रत्येक मैदानाची रेघ वेगळी असते," धाकटा बोलत राहिला. आवाज चढला नव्हता, आणि तो चढला असता तर दादाला बरं वाटलं असतं. "कुठं बाहेर उतार, कुठं आत, कुठं खड्डे. म्हणून मी सामन्याच्या सकाळी जाऊन रेघेवर चेंडू सोडून बघतो. जसा उतार, तसा हात. आज सपाट आहे कळलं असतं, तर पहिल्या बेसकडे ढकलला असता आणि सामना संपला असता. पण इथं मी कधी बघत नाही. एकदासुद्धा बघितलं नाही. इथं तुझी रेघ असते."

दादाला बोलायचं होतं. आपण तुझ्या भल्यासाठी केलं, असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि रफू करणारी बायको त्याला आठवली.

"तू जाऊ नयेस असंही वाटत होतं मला," तो म्हणाला. "थोडं तेही होतं."

धाकट्यानं फक्कीच्या पोत्यांकडे बघितलं. "तसं सांगितलं असतंस तर राहिलोही असतो कदाचित," तो म्हणाला. "निदान भांडलो तरी असतो." मग उठून त्यानं बुटांची माती दारावर झटकली आणि तो घरी गेला.

घरी आदळआपट झाली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चादरीचं एक टोक धाकट्यानं धरलं, दुसरं दादानं. आई म्हणाली, "आज दोघांच्याही तोंडाला कुलूप आहे वाटतं." कुणी हसलं नाही. बायकोनं दादाला एका शब्दानं टोकलं नाही, आणि त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. धाकटा कामावर जात होता, जेवत होता, आईची नखं कापत होता. दादा, मीठ दे, एवढं बोलत होता. बंदराच्या शहराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही आणि त्या संघानं दुसरा कुणी घेतल्याची बातमी आली तेव्हा नुसती मान डोलावली. माणूस चिडला, रुसला, तर समजूत तरी काढता येते. दादाला काय धरून समजूत काढावी ते कळेना.

नवा हंगाम सुरू झाला तेव्हा त्यानं एक गोष्ट केली. पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी त्यानं तिसऱ्या बेसच्या रेघेचा चढ पुन्हा घातला, होता तसा, जराही कमीजास्त नाही. माती चाळून घेतली, ओली केली, ठोकली, गाल टेकवून एक डोळा मिटून बघितली. हात दुखेपर्यंत त्यानं ते काम केलं. धाकट्याला तो पायाला लागेल आणि समजेल, असं त्याला वाटत होतं. जे तोंडानं सांगता येत नव्हतं, ते त्यानं तिथं घालून ठेवलं.

सामन्याच्या सकाळी दादा फक्कीचा डबा घेऊन खोलीतून बाहेर आला, तर धाकटा मैदानावर होता. इतक्या लवकर तो घरच्या मैदानावर कधी येत नसे. तो होम प्लेटपाशी उकिडवा बसला, खिशातून चेंडू काढला आणि तिसऱ्या बेसच्या रेघेवर हलकेच सोडला. चेंडू लोळत गेला, रेघेपाशी अडखळला आणि आत वळून बसला. धाकट्यानं जाऊन तो उचलला, परत येऊन पुन्हा सोडला. मग जरा जोरात. मग पहिल्या बेसच्या रेघेवर जाऊन तिथंही सोडला. तो अगदी सावकाश, नीट लक्ष देऊन बघत होता, परक्या गावच्या मैदानावर बघावं तसं.

दादा डबा हातात धरून थांबला होता. धाकटा जवळून जायला लागला तेव्हा त्यानं विचारलं, "बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, दादा," धाकटा म्हणाला आणि चेंडू खिशात टाकला. "बघितलेलं बरं."